यादीतलं सहावं

सोमवार
आलो एकदाचे! मी, आई आणि एकवीस खोकी. घर आटोपशीर आहे, खोल्यांना उंबरे नाहीत, म्हणजे आईचा वॉकर कुठे अडणार नाही. तिने मागची उन्हाची खोली पटकावली आणि लगेच मला पडदे लावायला जुंपलं. दादा पलीकडच्याच गल्लीत राहतो. आता कामावर निर्धास्त जाईन.

मंगळवार
आज कॅमेरे. जुन्या घरी कोणा परक्याने कॅमेऱ्यात शिरून आईशी बोलणं सुरू केलं होतं. रोज दुपारी विचारायचा, जेवलात का? भेदरून आई दोन दिवस जेवली नव्हती. मी लोकांच्या ऑफिसांची नेटवर्कं सांभाळते, आणि माझ्याच घरी दिव्याखाली अंधार! म्हणून या वेळी चार कॅमेरे आणि रेकॉर्डिंगची पेटी यांचं वेगळंच नेटवर्क केलं. कॅमेऱ्यांना स्वतःहून इंटरनेटवर जाता येत नाही, बाकी घराशी संबंध नाही. बाहेरून त्या नेटवर्कमध्ये जायला एकच दार, म्हणजे एकच गुप्त जोडणी, त्याची किल्ली फक्त माझ्या फोनमध्ये. कॅमेऱ्यांचे स्पीकरही कापून टाकले. दादा म्हणाला, दुधाने पोळलीस म्हणून ताक फुंकतेस. फुंकते! माझ्याशिवाय तुला कोणी बघणार नाही, असा आईला शब्द दिलाय.

गुरुवार
दुपारी ऑफिसातून फोनवर पाहिलं, तर आई छताकडे बघून हसत बोलत होती. संध्याकाळी विचारलं. म्हणे, तूच तर रोज बोलतेस, जेवलीस का विचारतेस. स्पीकरच नाहीत म्हटल्यावर चिडली, मी काही बहिरी नाही म्हणाली. वय झालंय, अशी मी मनाची समजूत घातली. ती काही पटली नाही.

शुक्रवार, १२.४०
ऑफिसात. नेटवर्कवर काय काय जोडलंय त्याची यादी उघडली. चार कॅमेरे, एक पेटी, झाले पाच. यादीत सहा. इथूनच एकेका कॅमेऱ्याचं चित्र बंद केलं. चार चित्रं काळी झाली. यादीतल्या सहाव्याचं चालूच. पलंगावर आई, अगदी वरून. तिथे मी काहीच लावलेलं नाही. चित्र हळूहळू खाली उतरतंय.

१२.५५
जुन्या घरी बाहेरून कोणी शिरलंच नव्हतं. ते आमच्याबरोबर आलं. आणि मी माझ्या हाताने त्याला आईबरोबर कोंडलं — दादाला फोन केला, तिला उचल, बाहेर काढ. निघालाय. फार भीती वाटते.

१.०५
चित्र आईच्या तोंडाशी — मी फोनवरून नेटवर्कचं दार बंद करणार, तेवढ्यात थांबलं. वळलं. आता त्यात आई नाही. मी आहे. लांब नळीतून दिसावी तशी, टेबलाशी, हातात फोन. बंद केलं तर परत तिच्याकडे वळेल. नाही करत. बघ. इकडेच बघ —

१.१२
दादाचा फोन. आई गाडीत बसली. बरी आहे. मला रडू आलं. आता दार लावायचं. यादी पाहिली — पाच. म्हणजे ते घरात नाही. म्हणजे दार लावलं, तर ते इकडेच —