दोन नंबरच्या दिव्याचा कटआउट आणि माझी मिळकत

मी चंदाबाई भीमराव रामटेके, वय एक्क्याऐंशी, राहणार पिनर, हे स्वतःच्या हाताने लिहिते आहे. डोकं ठिकाणावर आहे. कोणी धमकावलं नाही, कोणी गोड बोलून कागद पुढे सरकवला नाही. तशी कोणाची हिंमतही नाही. शिक्षण सातवी. माझी मुलगी मृणाल म्हणाली, "आई, तू सांग, मी टाईप करते." नको म्हटलं. ती टाईप करता करता माझी वाक्यं सुधारणार. मराठीत लिहिलेलं इथे विलायतेत चालतं का, ते वरदाला विचारलं. वरदा ही मृणालची मैत्रीण, सॉलिसिटरच्या ऑफिसात काम करते. म्हणाली, "चालतं काकू, नंतर ट्रान्सलेट करून घेतात." झालं तर मग.

२०१३ साली केलेलं मृत्युपत्र आजपासून रद्द. ते रागात केलं होतं. त्यात एक वाक्य होतं की माझा मुलगा प्रणय याला या घरातला चमचासुद्धा देऊ नये. तेव्हा मला ते वाक्य फार आवडलं होतं. आता प्रणयचं काय करायचं, त्यासाठीच हा सगळा खटाटोप. बाकीचं पटापट उरकते.

कलम १. घर मृणालला. पूर्ण. ती अर्धं भावाला दे म्हणत होती, पण पूर्णच का, ते कलम ८ मध्ये आहे. माझ्या दोन्ही गुडघ्यांच्या ऑपरेशननंतर तिने मला उचललं, बसवलं, धुतलं, आणि "किती जड झालीस" असं एकदाही म्हणाली नाही. मनात म्हणाली असेल. किचनचा नळ बदलावा. मी असेपर्यंत बदलू नये, मला कुठे दाबायचं ते माहीत आहे.

कलम २. बँकेत आहे ते मृणालने विहाराच्या लायब्ररीला अर्धं द्यावं, अर्धं स्वतः ठेवावं. किती आहे ते तिला ठाऊक आहे. इथे लिहून गाव गोळा करायचं नाही. व्यवस्था बघायची ती तिनेच.

कलम ३. मी गेल्यावर त्रिशरण, पंचशील, आणि सगळे आपापल्या घरी. भाषण एकच, पाच मिनिटांचं. ते अवधूत वानखेडे यांनी करू नये. अवधूतराव आमच्या मंडळाचे अध्यक्ष. पाच मिनिटांत ते नमस्कारसुद्धा संपवत नाहीत.

कलम ४. चार दिवे.

हे नीट लिहावं लागेल, कारण लोक याला बल्ब समजतात. मी वेम्बलीच्या एका फॅक्टरीत एकोणीस वर्षं कॉइल भरल्या. केसाएवढी तार, हजारो वेढे, तोंडाने मोजत. फॅक्टरी बंद झाली १९८८ साली. मागच्या स्टोअरमध्ये जुने चार दिवे पडले होते, विजेचा उजेड पहिल्यांदा रस्त्यावर आला त्या काळातले, १८९३ चे. फोरमन म्हणाला, भंगारात टाका. मी म्हटलं, मी नेते. एकेक दिवा तीन फूट लांब. रोज एक, ब्लँकेटमध्ये गुंडाळून, मांडीवर घेऊन बसने. पहिल्या दिवशी कंडक्टरने वाकून पाहिलं.

"केवढं आहे बाळ?"

"पंच्याण्णव वर्षांचं."

तिकिटाचे पैसे घेतले नाहीत त्याने. आमचे हे दार उघडून म्हणाले, "आणखी एक पोर?" म्हटलं, "अजून तीन यायचीत."

आता काम कसं चालतं ते. दिव्यात कोळशाच्या दोन कांड्या, टोकाला टोक. मधल्या फटीत ठिणगी पेटून राहते, तोच उजेड. कांड्या जळून आखूड होतात, म्हणून वरची आपोआप खाली सरकायला हवी. ती अडकली की फट वाढते आणि ठिणगी तुटते. चारही दिवे एकाच तारेवर ओळीने, करंट एकातून दुसऱ्यात जातो. त्यामुळे एक गेला की चारही जातात. तसं होऊ नये म्हणून प्रत्येक दिव्याच्या डोक्यावर कटआउट असतो. कटआउट म्हणजे एक कॉइल आणि एक लोखंडी जीभ, बस. फट फार वाढली की कॉइलला जोर येतो, ती जीभ ओढून घेते, आणि करंट बिघडलेल्या दिव्याला वळसा घालून पुढे जातो. तो एक अंधारात राहतो, बाकीचे तीन पेटतात. मला तर माणसाने केलेल्या वस्तूंमध्ये यापेक्षा शहाणी वस्तू दिसलेली नाही. चारही कटआउटच्या कॉइल जळक्या होत्या. त्या मी शेडमध्ये बसून पुन्हा भरल्या. अडीच वर्षं लागली. मधे एकदा आमच्या ह्यांनी बोलावलं आणि मोजणी चुकली, तेव्हा दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही.

एक म्युझियमवाला आला होता. म्हणाला, काचेच्या कपाटात ठेवू, पण पेटवणार नाही, सेफ्टी. मी विचारलं, "मग हा कटआउट कशाला केला त्या लोकांनी, शोभेला?" चहा देऊन परत पाठवला.

चारही दिवे माझी नात तनिषा हिला. प्रणयची मुलगी, सतरा वर्षांची, फिजिक्स शिकते. अटी दोन. पेटवताना वेल्डिंगची काच डोळ्यांवर हवी. आणि कटआउटला तेल लावायचं नाही, कधीच, कुठलंच. कोरडा चालतो तो.

कलम ५. आता ते २०१२.

चौदा ऑक्टोबर, धम्मचक्र प्रवर्तन दिन, रविवार. मंडळाचा कार्यक्रम माझ्या गार्डनमध्ये ठेवला होता. चाळीस माणसं, कोट घालून. चारही दिवे दोरीवर टांगलेले. दुपारी मी किचनच्या टेबलावर प्रत्येक कटआउटची जीभ बोटाने हलवून पाहिली होती, चोख होती. प्रणय साउथहॅम्प्टनला डॉक्टर आहे, हाडांचा. तो बायको मधुमती आणि छोट्या तनिषाला घेऊन आला होता. दिवे बाहेर नेऊन टांगले त्यानेच. टांगताना म्हणाला, "आई, थोडं तेल लावलं असतं तर स्मूथ चाललं असतं." मी म्हटलं, "तू हाडं बघ."

सात वाजता पेटवले. काय उजेड पडला! शेजारची मांजर भिंतीवरून पडली. अवधूतराव गार्डनमधल्या छोट्या तळ्याच्या काठावर उभे राहून बोलायला लागले. दोन मिनिटं झाली नसतील, दोन नंबरच्या दिव्याची कांडी अडकली. कटआउटने ओढायला हवं होतं. ओढलं नाही. चारही गेले. त्या उजेडानंतरचा अंधार म्हणजे डोळे काढून घेतल्यासारखा. आणि त्या अंधारात अवधूतराव "बंधूंनो" म्हणत तळ्यात गेले.

तळं गुडघाभर. बाहेर आले, टॉवेल दिला. पण चाळीस माणसं हसली आणि ती माझ्या दिव्याला हसली असं मला वाटलं.

सकाळी दिवा उतरवून पाहिला. जीभ ज्या खिळीवर फिरते तिथे पांढरं घट्ट काहीतरी. वास घेतला. खोबरेल. हे तेल किचनच्या उबेत पाणी असतं आणि ऑक्टोबरच्या गार्डनमध्ये मेण होतं. वरच्या खोलीत जाऊन पाहिलं तर मधुमतीच्या बॅगेत तनिषाच्या मालिशची बाटली. खोबरेल.

प्रणयला म्हटलं, "लावलंस ना?"

"नाही, आई."

"मग कोणी लावलं? बाबासाहेबांच्या फोटोने?"

"मी हातसुद्धा लावला नाही कटआउटला."

"खोटं बोलायला डॉक्टर केला का तुला?"

हे मी मधुमतीसमोर बोलले, आणि त्याच्या मुलीसमोर. तो गाडीत जाऊन बसला. त्यानंतर तेरा वर्षं तो या घरात आला नाही. तनिषाला सोडायला येतो, गेटबाहेर गाडीत बसतो. मी खिडकीतून बघते. इंजिन बंद करतो, पेपर वाचतो. डबा पाठवला तर घेतो, डबा धुऊन परत देतो. आत येत नाही. मीही बोलावलं नाही.

कलम ६. तळ्याकाठचा प्लॅस्टिकचा बेडूक अवधूतराव वानखेडे यांना. त्या दिवशी त्यांनी त्याला धरूनच स्वतःला वर काढलं, तरी अजून प्रत्येक मीटिंगमध्ये म्हणतात की बेडकाला अडखळून पडलो. सूट ड्रायक्लीन करून दिला होता, तो विषय संपला आहे. वेढे मोजायचं हाताचं मशीन, पक्कड आणि तारेची रिळं तनिषाला. पितळी डबा मृणालला, त्यात काही नाही, उघडून निराश होऊ नये.

कलम ७. हे कलम लिहायला मी तीन आठवडे घेतले.

यंदा बारा ऑक्टोबरला तनिषा आली. तिला कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी दिवे पेटवून व्हिडिओ घ्यायचा होता. रविवार. रविवारी सकाळी मी डोक्याला तेल लावते, पन्नास-साठ वर्षं लावते. दुपारी किचनमध्ये मी तिला दोन नंबरचा कटआउट दाखवला, जीभ कशी हलते ते. मग आम्ही चारही दिवे गार्डनमध्ये टांगले, थंडी होती. चहा घेऊन आलो, दिवे पेटवले आणि तनिषाने काठीने दोन नंबरची कांडी अडकवली, कटआउट काम करतो का बघायला. केलं नाही. चारही गेले.

ती शिडीवर चढली, बोट लावून खाली आली.

"आजी, इथे व्हाइट व्हाइट आहे."

"हात लावू नकोस."

"स्मेल बघ ना. हा तुझी केसांची तेल आहे."

"माझी नाही. माझं. आणि माझं नाही."

"आजी, तुझी हात बघ. शाईन होतेय."

मी हात पाहिला. मग तिने किचनमध्ये घेतलेला व्हिडिओ पाहिला. त्यात माझंच बोट, तेलाचं, चमकणारं, बरोबर खिळीवर टेकलेलं. पोरगी हसत होती.

तेव्हाही रविवारच होता. तेव्हाही मी सकाळी डोकं चोपडलं होतं आणि दुपारी चारही जिभा हलवून पाहिल्या होत्या. तीन कांड्या अडकल्या नाहीत म्हणून तीन कटआउट तपासलेच नाहीत मी. घरातल्या सगळ्यांच्या हातावर संशय घेतला, माझा सोडून. कॉइल भरणारीचा हात असं करत नाही, असं मला वाटत होतं. केलं.

म्हणून नोंद करते. तेल माझं होतं. प्रणय खरं बोलत होता.

कलम ८. प्रणय.

हे लिहून मी मृणालला वाचायला दिलं. तिने चष्मा काढला.

"आई, म्हणजे हे दादाला तू गेल्यावर कळणार?"

"मृत्युपत्र असंच असतं."

"वा. आणि तेव्हा तो कोणाला म्हणेल, 'ठीक आहे आई'? बेडकाला?"

मग मी वरदाला फोन लावला. विचारलं, साक्षीदार कोण चालतात. ती म्हणाली, दोन हवेत, दोघांनी एकाच वेळी माझ्यासमोर बसून मला सही करताना पाहायला हवं आणि मग स्वतः सही करायची. म्हटलं, मुलगा चालेल? म्हणाली, "चालेल काकू, पण मृत्युपत्रात साक्षीदाराला किंवा त्याच्या बायकोला काही दिलं असेल तर ते बाद होतं. तुम्ही प्रणयदादाला अर्धं घर देताय ना? मग दुसरं कोणीतरी बघा, मी आहेच, शेजारचे कोणी घ्या."

मी रात्रभर वगैरे विचार केला नाही. फोन ठेवेपर्यंतच झाला. अर्धं घर दिलं तर तो या घरात येणार मी गेल्यावर. साक्षीला बोलावलं तर येणार मी असताना. मी घर खोडलं. मधुमतीला द्यायच्या दोन साड्याही खोडल्या, त्या हातानेच देईन.

मग त्याला फोन केला. तेरा वर्षांनी.

"प्रणय, आई बोलतेय."

"कोण गेलं?"

"कोणी नाही. तेल माझं होतं."

मग म्हणाला, "कुठलं तेल?"

"कुठलं म्हणजे? दोन नंबरच्या कटआउटचं. माझ्या हाताला केसांचं तेल होतं. तनिषाकडे व्हिडिओ आहे."

"आई, मी क्लिनिकमध्ये आहे. पेशंट बसलाय समोर."

"त्याला म्हणावं थांब. मी तेरा वर्षं थांबले."

"तू थांबलीस?"

"बरं. तू थांबलास." एवढं म्हणायला मला जो त्रास झाला तो गुडघ्यांना झाला नव्हता. "ऐक. मृत्युपत्र करतेय. तुला काही देत नाही. घर नाही, पैसे नाहीत, काही नाही. दिलं तर तुला साक्षीदार होता येत नाही. शनिवारी सही करायला ये."

"म्हणजे काहीच न मिळण्यासाठी मी साउथहॅम्प्टनहून यायचं?"

"हो."

मला वाटलं, ठेवतो आता फोन. पलीकडून त्याचा पेशंट काहीतरी म्हणाला, त्याला तो म्हणाला, एक मिनिट, माझी आई आहे.

"किती वाजता?" त्याने विचारलं.

तर कलम ८ असं: माझा मुलगा प्रणय याला या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही. २०१३ साली दिलं नव्हतं ते मला तो समोर नको होता म्हणून. या वेळी देत नाही ते मला तो समोर हवा आहे म्हणून. पुढे मृणालने आपल्या घरातलं भावाला काय द्यायचं ते तिचं तिने बघावं, मी त्यात पडत नाही.

याखाली दुसरं काही लिहिलेलं नाही. कोणी घुसडलं तर ते माझं नाही.

पिनर, शनिवार, ८ नोव्हेंबर २०२५, सकाळी साडेअकरा. किचनच्या टेबलावर.

चंदाबाई भीमराव रामटेके
(सही)

वरील बाईंनी आमच्या दोघांच्या डोळ्यांदेखत सही केली. आम्ही दोघांनी त्यांच्या समोर, एकाच टेबलाशी बसून, एकाच वेळी सही केली. आम्हा दोघांना यातून काहीही मिळत नाही, हे आम्हाला माहीत आहे.

साक्षीदार १: वरदा सुधीर ढोके, वेम्बली
(सही)

साक्षीदार २: प्रणय भीमराव रामटेके, साउथहॅम्प्टन
(सही)