सुधीरची तलब

मंगळवार, १४ ऑक्टोबर. बाड हॉम्बुर्ग, जर्मनी.

आजही कणीक मळताना फोन परातीशेजारी ठेवला होता, आवाज मोठा करून.

सुधीर आठवडाभर नेकारसुल्मला कारखान्याजवळच्या खोलीवर राहतो, शुक्रवारी घरी येतो. सिगारेट सोडायच्या ॲपमध्ये त्याने माझं नाव घातलं. तलब आली की बटण दाबायचं, मला फोन लागतो, आणि ती ओसरेपर्यंत बोलत राहायचं. दोन महिने दिवसातून चार-चार फोन! एरवी 'जेवलीस का' यापुढे न जाणारा माणूस. "अगं, बोल ना काहीतरी," म्हणायचा. लग्नानंतर हे पहिल्यांदाच ऐकत होते मी.

आज फोन वाजला. पिठाच्या हातानेच उचलला, तर ॲपचा मेसेज: 'अभिनंदन! सलग सात दिवस सुधीरला तुमची गरज पडली नाही.' गेनाऊ, इथले लोक म्हणतात तसं. अगदी बरोबर.

मीच करावा का? काल केला होता. "मीटिंगमध्ये आहे गं, काही काम होतं का?" काय सांगणार?

त्याची सिगारेट सुटावी म्हणून इतकी वर्षं चतुर्थी धरली. आणि आज गणपतीपुढे दिवा लावून काय मागितलं? उद्या त्याला तलब येऊ दे. एकदाच.