प्लंबरला परत पाठवा

बाबा,

प्लंबर आला तर त्याला परत पाठवा. बाथरूमचा नळ बिघडलेला नाही. तुमच्याखेरीज या घरात सध्या तोच काय तो कामाला आहे. त्याच्या टपटपीवर मी रोज गिटारचा सराव करतो. बोटं रुळली की नळ किंचित सैल करतो, म्हणजे वेग वाढतो.

आज बँडवाल्यांसमोर वाजवून दाखवायचंय. मी नोकरी सोडल्यापासून आपलं बोलणं बंद आहे, म्हणून सांगायचं राहिलं. पण काल मी अडखळलो, तेव्हा दाराबाहेर तुमची चप्पल ताल धरून होती. तिच्याच भरवशावर शेवटपर्यंत पोचलो.

निवड झाली तर नळ मीच घट्ट करीन. नाही झाली, तर संध्याकाळी पुन्हा सराव आहे. चप्पल घालूनच बसा.

– धाकटा