लायब्ररीमागची तुझी मैत्रीण

आई, आमच्या लायब्ररीमागचे तंबू काल उठवले. तू असतीस तर आधी विचारलं असतंस, "आणि ती गं?" ती म्हणजे तुझी मैत्रीण, जिच्या डोक्याला तू पार्कातल्या बाकावर खोबरेल तेल चोपडायचीस. तू सहा महिने टेक्ससला आलेलीस, मी दिवसभर ऑफिसात. ती तंबूत राहते हे तुझ्या गावीही नव्हतं. तुला वाटलं, तीही लेकीकडे आलेली कोणाची तरी आई. "तेलाचं बोट नाही तिच्या डोक्याला, लेक करते काय तिची?" हे मलाच ऐकवलंस. मी म्हटलं, आई, ती बेघर आहे, लांब राहा. पोळी लाटता लाटता थांबलीस. "मग मी काय तुझ्या भिंतींशी बोलू दिवसभर?" दुसऱ्या दिवशी लवकर येऊन बघते तर तू मराठीत, ती इंग्रजीत, आणि दोघी खिदळताय.

तू भारतात परतलीस आणि वर्षभरात तिकडेच कायमची गेलीस. त्याला किती वर्षं झाली! ती मात्र मी दिसले की विचारायची, "व्हेअर इज मॉम?"

यंदा निवडणूक तोंडावर आली आणि जो तो सेफ्टी, सेफ्टी करायला लागला. बाहेर झोपायलाच बंदी घालायची म्हणे. शेजारच्या काकूंचा फोन, "अगं, घरांच्या किमती पडतील, तू पण पिटिशन साइन कर ना." नाही केलं. उलट कौन्सिलच्या मीटिंगला जाऊन माईकपुढे उभी राहिले, म्हटलं, आधी जागा द्या, मग उठवा. मागून कोणी ओरडलं, "तुझ्या अंगणात ने!" बंदी व्हायची ती झालीच.

काल ती पिशव्या भरत होती. माझ्याकडे चल म्हटलं, तर हसली नुसती. दुसऱ्या शहरातल्या शेल्टरची बस उभी होती. चढताना म्हणाली, "मॉमला सांग हं, मी आता इथे नसेन. उगाच शोधत बसेल." सांगते म्हटलं. म्हणून लिहायला बसले, पाठवायचं कुठे ते ठाऊक नसताना. तू गेल्याचं मी तिला कधी सांगितलंच नाही, आई. दरवेळी म्हणायचे, उन्हाळ्यात येतेय. या देशात तुझी वाट बघणारं तेवढं एकच माणूस होतं, आणि माईकपुढे मी भांडले ते त्याच्यासाठी.