एका निर्णयाला दोन शिट्ट्या

प्रिय इनामदार सर,

उद्या राज्य स्पर्धेत पहिल्यांदाच पंच म्हणून उभी राहणार आहे. हे तुम्हाला समोर बसून सांगायचं होतं, पण तुम्ही जायची घाई केलीत. थोडी रागावलेही आहे तुमच्यावर, म्हणून हे पत्र.

कबड्डीच्या मैदानात तुम्ही एका निर्णयाला दोन शिट्ट्या वाजवायचात. आधी फुर्र, मग खणखणीत. कात्रजच्या मैदानावर तुमच्या हाताखाली शिकले आणि मीही दोन वाजवायला लागले. काय रुबाब वाटायचा!

पंचांच्या निवडीच्या सामन्यात परीक्षक बाईंनी मला बाजूला घेतलं. "मुली पहिल्या शिट्टीला थांबतात आणि दुसरीला दचकतात. सगळ्या पंचांचं एकसारखं हवं. हे सोडा, नाहीतर पुढचं विसरा." माझं डोकंच फिरलं. तुमची खूण सोडायची? त्यापेक्षा शाळांच्या सामन्यांतच म्हातारी झालेली बरी!

त्याच तिरीमिरीत येरवड्याला तुमच्या घरी, चाचींकडे गेले. सगळं ऐकून चाची हसतच सुटल्या. "अगं वेडे, पुढचा दात पडल्यापासून ह्यांची पहिली शिट्टी फुसकी निघायची, म्हणून दुसरी. फार चिडायचे स्वतःवर."

सर, इतकी वर्षं मी तुमचा पडलेला दात मिरवत होते! एका शब्दानं सांगायचंत की. तुम्ही मात्र गालातल्या गालात हसत असणार.

मग तुमचं खरं काय घेतलं मी? तुम्ही म्हणायचात, पहिल्या मिनिटाला जो बाद, तो शेवटच्या मिनिटालाही बाद. महिन्याभरानं पुन्हा संधी मिळाली. गुण बरोबरीत, शेवटची चढाई, आणि चढाई करणाऱ्या मुलीचा पाय रेषेबाहेर पडला. सुरुवातीला समोरच्या संघातल्या मुलीला मी त्याचसाठी बाद दिलं होतं. एकच शिट्टी वाजवली. मुलगी अंगावर धावून आली. तुम्ही एखादा टोमणा हाणला असता. मला तो कधी जमलाच नाही. पाय पडला ती जागा मी बोटानं दाखवली आणि ती खाली बघेपर्यंत थांबले. तिनं पाहिलं आणि गुपचूप परत गेली. बाई एवढंच म्हणाल्या, "हे ठेवा."

ते तुम्ही शिकवलेलं नव्हतं, सर. आवडलं असतं ना तुम्हाला?

उद्या शिट्टी एकच वाजेल. बाद मात्र तुमच्यासारखाच, सुरुवातीला आणि शेवटाला तोच. आणि माझ्या हाताखालची एखादी पोरगी माझी नक्कल करायला लागली, तर तिला वेळेवर सांगेन. गालात हसत बसणार नाही.

तुमची,
वैशाली