बाकावरची मोकळी जागा

ताई,

तू फोनवर रोज विचारतेस, "एकटी काय करतेस गं तिथे?" शिवणकाम आटोपलं की अंगणातल्या बाकावर बसते. पानगळ सुरू झालीय. पिवळ्या पानांनी अंगण नुसतं उजळून निघालंय. बाबा गेल्यापासून इतकं शांत मला दुसरीकडे कुठेच वाटलं नाही.

एक गोष्ट मात्र फोनवर बोलले नाही. सगळा बाक पानांनी भरतो, पण बाबा बसायचे तेवढी जागा रोज स्वच्छ असते. तू म्हणशील, "तूच झाडत असशील, वेंधळी कुठली!" म्हणून आठ दिवस झाडू शेजारच्या काकूंकडे नेऊन ठेवला. तरी तेच. मग मीही त्या जागेला "चहा घेता ना?" असं विचारायला लागले.

आज सकाळी तिला लागूनच आणखी एक जागा मोकळी होती. टेप लावून पाहिली. माझ्याच मापाची निघाली.

भीती वाटली असती तर तुला फोन करून बोलावून घेतलं असतं. पण मला हायसं वाटलं गं. शिलाई मशीन कापडाने झाकून ठेवलंय, हे पत्र त्यावरच ठेवते. आता जाऊन बसते.

तुझी धाकटी