अब्बांची घरातली अरबी

अब्बा, तुम्हाला मराठी वाचता येत नव्हतं, तरी मराठीतच लिहितो, कारण सातवीपर्यंत शिकलेली तेवढीच भाषा मला नीट लिहिता येते. लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. मी नव्या कचेऱ्यांच्या पाट्या रंगवायचो, आणि हात चुकेल या भीतीनं प्रत्येक अक्षर आधी खडूनं आखून बघायचो. त्याच दुष्काळी उन्हाळ्यात तुम्हाला लकवा झाला. उजवा हात गेला, बोलणं थांबलं. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तुमच्यापुढं कुलूप, कंगवा, चमचा धरायच्या आणि विचारायच्या, "बाबा, हे काय आहे?" आधी मराठीत, मग हिंदीत. तुम्ही खिडकीकडं बघायचात. चाचा म्हणाले, "समज गेली. आता नुसतं सांभाळायचं." मग सगळे तुमच्या उशाशी बसून तुमच्याविषयी असं बोलायला लागले, जणू तुम्ही तिथं नव्हताच. तुम्हाला कळतं की नाही, एवढंच मला समजायला हवं होतं.

आपण निजामाच्या फौजेतल्या अरबांचे वंशज, तुमचं लहानपण अरबीत गेलं, हे मी बाईंना सांगितलं; धाकट्या चाचांपर्यंत ती भाषा घरात उरली नव्हती. "मग अरबी येणारं कुणी आणा," त्या म्हणाल्या. मी मशिदीतल्या मौलवींना घेऊन आलो. त्यांच्या पुस्तकी अरबीतल्या प्रश्नांना तुम्ही गप्पच. शेवटी त्यांनी कुराणातली एक सूरह सुरू केली आणि तुम्ही ती न अडखळता पूर्ण केलीत. चाचांनी वॉर्डभर साखर वाटली. दुसऱ्या दिवशी बाई म्हणाल्या, "पाठ असलेलं आपोआप येतं हो. त्यांना तहान लागली का, ते विचारा." मी मौलवींकडून ते अरबीत विचारून घेतलं. तुम्ही पुन्हा तीच सूरह म्हणू लागलात, मध्येच थांबलात आणि मान फिरवलीत.

मग नांदेडहून फुफू आली, तुमची थोरली बहीण, हातात पाण्याचा कॅन. "लातूरला यायचं म्हंजे आपलं पानी घेऊन यावं लागतंय बाबा!" बाईंनी तिला बजावलं, "हातवारे करायचे नाहीत, फक्त बोलायचं." फुफूनं दोन्ही हात ओढणीखाली घेतले आणि तुमच्या अम्मीच्या चुलीपुढची ती अरबी काढली. ती एकेक सांगत गेली, तसे तुम्ही डोळे मिटलेत. डावा हात कानाला लावलात. कंगवा उचलून तिला दिलात. तिनं आणखी काही विचारलं आणि तुम्ही हसून म्हणालात, "अय्वा."

"काय विचारलंत?" बाई म्हणाल्या.

"मी लई म्हातारी दिसून राहिली का, म्हनलं. तर हाव म्हनतोय मुआ! काई झालं न्हाई याला."

त्या दिवसापासून चाचा पुन्हा तुम्हाला सलाम करून मगच खाटेजवळ बसू लागले. फुफू तुमच्या शेवटापर्यंत आमच्याकडं राहिली. आता तीही नाही, आणि ती अरबी घरात कुणाला येत नाही. हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून सांगतो. त्या दिवशी सगळे खूश होते, मीही होतो, पण मला फुफूचा हेवा वाटला. तुम्ही तिच्याशी जसे हसलात, तसे माझ्याशी कुठल्याच भाषेत कधी हसला नव्हतात.